हक्कसोडपत्रात न लिहिलेली ओळ

घर, जमीन आणि नातीगोती: वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न

वकीलबाई, नमस्कार.

तुमच्या सदरात लोक फेरफाराचं विचारतात, कुणी बांध कोरला त्याचं विचारतात. माझं दुखणं त्यात बसतं का, ठाऊक नाही. चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं.

माझं आजोळ मालवण तालुक्यातलं धामापूर. तलावाच्या बांधाखाली माडा-पोफळींच्या बागेत आजोबांचं घर होतं. मागच्या गडग्याची एक बाजू ढासळलेली होती. तिथून चढून गेलं की पाच मिनिटांत पाणी. वार्षिक परीक्षा संपली की निकाल आणायचं काम शेजारच्या काकूंवर टाकून आम्ही परळहून रात्रीची एसटी पकडायचो. कशेडी घाटात धाकट्या भावाची उलटी ठरलेली. सकाळी कुडाळ यायचं तेव्हा नाकात लाल धूळ आणि मांडीवर घट्ट धरलेली पाण्याची बाटली. मामा फाट्यावर उभा असायचा, हात मागे बांधून. आमच्या सामानाकडे न बघता आधी आईकडे बघायचा, ती वाळली की नाही ते.

दीड महिना आईला कुणी 'अहो वहिनी' म्हणायचं नाही. ती तिथे 'बाय' होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातली कैरी नाहीतर चुलीत भाजलेला सुका बांगडा. मग पोरं काजूच्या बिया भाजायला मांगराच्या मागे. माझ्या डाव्या मनगटावर काजूच्या तेलाचा डाग अजून आहे. डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी एकदा काळजीने विचारलं, हे काय, तर मला हसूच आलं.

आणि तळं. भगवतीच्या देवळापासून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आजीचे नियम होते: टळटळीत दुपारी उतरायचं नाही, पाण्यात चूळ टाकायची नाही आणि साबण तर नाहीच. "गो, पायरेर साबण लावू नको, देवीचा पाणी तां." पाठीला दोन असोले नारळ बांधून मामाने मला पोहायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्याने एक नारळ न सांगता सोडला. रात्री खळ्यात चटईवर आडवं पडल्यावर आजी ती परडीची गोष्ट सांगायची. लग्न ठरलं की गरिबाने फुलांची परडी संध्याकाळी पाण्यात सोडायची, सकाळी परडीत सोन्याचे दागिने. कार्य पार पडलं की परत द्यायचे. एकीने परत दिले नाहीत, तेव्हापासून बंद झालं. "ती आमच्याच घराण्यातली असणार," आजी म्हणायची, "नायतर तुमका एवढी दागिन्यांची हौस खयसून इली?"

आजोबा १९८८ ला गेले. पुढच्या मे महिन्यात आई आणि दोन्ही मावश्या मामाबरोबर मालवणला गेल्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या करून आल्या. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, अंगात वारं होतं. मी आईला विचारलं, का केलीस? ती म्हणाली, "भावाकडून चार गुंठे घेऊन माहेर घालवू?" मामी त्या दिवशी खापरोळ्या करत होती. मामा ओटीवर बसून म्हणाला, "घर तुमचाच आसा. कधीय येवा." त्याने शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. २०१६ च्या पावसाळ्यानंतर तो गेला, तोपर्यंत एक मे महिना चुकला नाही. माझी मुलंही त्याच पायऱ्यांवर पोहायला शिकली.

पुढे मामीचे गुडघे गेले. २०१९ मध्ये मामेभाऊ तिला पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप. शेजारी दिवा लावायचे. गेल्या डिसेंबरात मामेभावाचा फोन आला, घर आणि बाग विकली, इसार घेतला. आधी नाही, इसार घेतल्यावर. घेणारा तिथे होमस्टे काढणार आहे. ३१ मेला ताबा. "ताई, तुला काय हवं ते येऊन घेऊन जा," म्हणाला. मी फोन ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले.

आई ८२ वर्षांची आहे. पाय चालतात, आठवण कधी कधी चालत नाही. कोकण रेल्वेची तिकिटं काढलीस का, हा तिचा दरवर्षीचा प्रश्न. पूर्वी चार महिने आधी मिळायची, तेव्हापासूनची सवय. आता साठ दिवस आधी मिळतात हे तिला पटत नाही. यंदाही जानेवारीपासून विचारतेय. घर विकल्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

माझे प्रश्न: हे रोखता येतं का? नसेल, तर मी सामान आणायला जावं का आणि काय आणावं? आईला सांगू का? आणि एक, तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर सोडून द्या. सही आईची होती, तिने मनापासून केली होती, मामाने शब्दही पाळला. मग मला लुटल्यासारखं का वाटतंय?

सु. प., डोंबिवली

उत्तर

ताई, आधी कायद्याचं उरकते, कारण ते लवकर संपतं.

रोखता येत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, आईने समजून-उमजून सही केली, आणि फसवणूक झाली असं तुम्ही स्वतःच म्हणत नाही. फसवणूक असती तरी ती कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागला असता. लेकींना मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती तुम्ही ऐकली असेल, आणि बाप २००५ आधी वारला असला तरी लेकीचा हक्क बुडत नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२० चा निकालही कुणी ना कुणी तुमच्या व्हॉट्सअॅपवर टाकलाच असेल. त्या निकालानंतर माझ्याकडे सहा महिने रांग होती. प्रत्येकीला मी एकच विचारायचे, बाई, सही केली होतीस का? त्याच कायद्यात लिहिलंय की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेले व्यवहार आणि वाटण्या उकरायच्या नाहीत. सोडलेला हक्क सुटला. मामेभाऊ मालक होता, मालकाने विकलं.

एक गोष्ट मात्र सांगते, तुमच्या 'का केलीस' या जुन्या प्रश्नासाठी. १९८९ साली आईने सही केली नसती तर तिच्या हातात काय आलं असतं? हिंदू वारसा कायद्यात तेव्हा कलम २३ होतं. बापाच्या राहत्या घरात लेकीचा हिस्सा खरा, पण भावांनी वाटणी करायची ठरवल्याशिवाय तिला वाटणी मागता येत नव्हती. आणि राहायचा हक्क होता तो बिनलग्नाच्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या किंवा विधवा लेकीला. नांदत्या लेकीला नाही. म्हणजे कायदाच तिला सांगत होता की तू पाहुणी. ते कलम २००५ मध्ये गेलं. तुमच्या आईने जे सोडलं ते घराच्या बाबतीत तरी कागदावरच असलेलं काहीतरी होतं, आणि तिला ते बहुधा तुमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता तुम्ही सोडून द्या म्हणालात त्या प्रश्नाकडे येते.

मी अशी हक्कसोडपत्रं शेकड्याने लिहिली आहेत. मजकूर पाठ आहे: राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कुणाच्याही दडपणाविना. यातलं 'मोबदला न घेता' हे खोटं असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं. लिहिणाऱ्या मला, सही करणाऱ्या बहिणीला, बाहेर बाकावर पान खात बसलेल्या भावाला. मोबदला असतो तो मे महिना. माहेरचं ताट, बाळंतपण, 'बाय' ही हाक. ती ओळ कुणी लिहीत नाही, कारण लिहिली तर व्यवहार वाटेल. तुमचे मामा ती ओळ ओटीवर बसून तोंडी बोलले आणि शेवटपर्यंत पाळली. पण तोंडी ओळ त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या मुलाला घर वारशाने आलं, ओळ आली नाही. तुम्हाला लुटल्यासारखं वाटतंय ते इथे. तुम्ही त्या ओळीच्या वारस आहात, आणि तसा वारस लावायची सोय कुठल्याच दप्तरात नाही.

ज्या वाचकभगिनींना येत्या काळात अशी सही करायची आहे त्यांच्यासाठी: ती ओळ लिहिता येते. 'सदर घरात वर्षातून अमुक दिवस राहण्याचा माझा हक्क मी हयातभर राखून ठेवला आहे' एवढं वाक्य पुरतं. मी सुचवायचे. तीस वर्षांत चार जणींनी लिहून घेतलं. बाकीच्या म्हणाल्या, "शी, भावाला असं कसं सांगायचं."

आता माझी गोष्ट, कारण ती न सांगता तुम्हाला शहाणपण शिकवणं बरं नव्हे.

माझे वडील १९९१ मध्ये गेले. सावंतवाडीजवळच्या एका गावात आमचं मातीच्या भिंतींचं घर, पुढे खळं, बाजूला मळा. भावांनी सही मागितली. मी वकील, बारा वर्षं कोर्टात उभी राहिलेली. मी म्हटलं, सही देणार नाही, नाव राहू दे. भांडण झालं नाही हो. झालं असतं तर बरं. दरवर्षी भाऊ एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी बरका फणस द्यायचा, तो यायचा बंद झाला, एवढंच. मग एक भाऊ मुंबईला, दुसरा वारला, चुलत्यांच्या मुलांची नावं लागली. सातबाऱ्यावर सतरा नावं झाली. विकायचं तर सतरा सह्या आणि दुरुस्त करायचं तर सतरा खिसे. माकडांनी कौलं फोडली, चार पावसाळे ती कुणी परतली नाहीत, पाचव्यात आढं मोडलं. मातीची भिंत एकदा भिजली की ती घरासारखी पडत नाही, भिजलेल्या बिस्किटासारखी बसते. आता जोतं आहे आणि त्यावर रान. सातबाऱ्यावर माझं नाव मात्र ठसठशीत आहे, घरबसल्या ऑनलाईन उतारा काढला तरी दिसतं.

तुमच्या आईने सही केली आणि तिला २७ मे महिने मिळाले. मी सही केली नाही आणि मला उतारा मिळाला. कोण शहाणं, हे मी ठरवत नाही. वय झालं तसं उत्तर बदलत जातं.

म्हणून मामेभावाबद्दल थोडं. आधी न सांगता इसार घेतला ही त्याची चूक, आणि ती मोठी आहे. त्याला ती एका वाक्यात सांगा: 'विकलंस याचं नाही, आधी सांगितलं नाहीस याचं वाईट वाटलं.' याच्यापुढे जाऊ नका, नाहीतर तो १९८९ चा कागद काढेल. पण कुलूप लावलेलं कोकणातलं घर म्हणजे काय, हे मुंबईकरांना, माफ करा, डोंबिवलीकरांना कळत नाही. वाळवी, माकडं, पोफळींना पाणी, दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधणं, आणि माणूस मिळाला तर त्याच्या नाकदुऱ्या काढणं. सहा वर्षं तो पुण्यातून हे फोनवर करत होता. त्यात २०२० मध्ये धामापूरच्या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचं विमानतळ सुरू झालं. तेव्हापासून तळ्याकाठी जागा आहे का, असे फोन मलासुद्धा आले, मी वकिली सोडल्यावर. त्याला कुणी आकडा सांगितला असेल तेव्हा त्याने आधी मामीच्या गुडघ्यांकडे पाहिलं असेल. आणि होमस्टे झालं तर निदान कौलं परतली जातील. हे मी चिडवायला म्हणत नाही. माझ्या जोत्यावर रान आहे, म्हणून म्हणतेय.

सामान आणायला जा. ताब्याच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी जा, एकट्या किंवा भावाला घेऊन. तांब्याचा हंडा आणू नका. सगळे हंडा आणतात, चिंच लावून लखलखीत करतात आणि मग त्यात छत्र्या ठेवतात. खोबरं खवायची विळी आणा, ती रोज हाताखाली येईल. एक मंगलोरी कौल आणा. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव-गाव उठवलेलं असतं, तुमच्या लहानपणी तुम्ही उताणं पडून तेच वाचत असणार. आणि माळ्यावरची ट्रंक आधी उघडा. साऱ्याच्या पावत्या, पत्रिका, कुणाच्या तरी लग्नाची याद, फोटो. घेणारा या गोष्टी वाईट मनाने नाही, पण पहिल्याच आठवड्यात पेटवतो. मी असे ढीग जळताना पाहिलेत.

देवघराचं काय ठरलं, ते मामेभावाला नीट विचारा. टाक कुणाकडे जाणार, यंदा गणपती कुठे बसणार? हे गृहीत धरलं जातं आणि मग भाद्रपदात रडारड होते. दुसरं, तुमच्या बागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ दिला जात असेल. कुठल्या दगडापाशी, कुठल्या दिवशी, कोण द्यायचं, हे शेजाऱ्यांना माहीत असेल. एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या. मी फारशी श्रद्धाळू नाही. पण आजवर मी असा कागद दिला नि घेणाऱ्याने हसण्यावारी नेला, असं एकदाही झालं नाही. आपल्याच पोरांपेक्षा बाहेरचे लोक या बाबतीत जास्त जपून असतात, बहुधा भीतीने, पण असतात.

आईला सांगा. तिने त्या घरासाठी सही केलीय, तुम्ही नाही. तिच्यापासून लपवायचा तुम्हाला अधिकार नाही, कितीही मायेने लपवलंत तरी. ती रोज तिकिटांचं विचारतेय आणि तुम्ही रोज काहीतरी खोटं सांगताय, ते तिला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. मला नाही वाटत. सकाळची वेळ बघा, तेव्हा आठवण बरी चालते. 'विकलं' म्हणा. 'द्यावं लागलं', 'सोडावं लागलं' असलं काही नको. ती विसरेल आणि पुन्हा विचारेल, मग पुन्हा सांगावं लागेल. त्याची तयारी ठेवा. दुसऱ्या वेळी लांबण लावू नका, पहिल्यासारखंच थोडक्यात सांगा.

आणि तिकिटं काढा. घर गेलं, तळं गेलेलं नाही. ते नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलं असं मानतात. तेव्हापासून ते कुणा एका घराचं कधीच नव्हतं. खालची शेती, माड-पोफळी, सगळ्या वाड्या त्या पाण्यावर. भगवतीच्या पायऱ्यांवर बसायला कुणाचं हक्कसोडपत्र लागत नाही. कुडाळला उतरा, स्टेशनाबाहेर रिक्षा ठरवा, सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर पायऱ्या तापतात. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, पायऱ्या जास्त उघड्या पडतात आणि पाण्याजवळच्या शेवाळाने निसरड्या असतात, म्हणून तिला खाली उतरवू नका. वरच्या पायरीवर चटईची घडी घालून बसवा. बरोबर पाण्याची बाटली आणि तिची औषधं. तिथून घर पाहायचं असेल तर ती स्वतः म्हणेल. नाही म्हणाली तर आग्रह नको, ढासळलेल्या गडग्यापाशी तुम्ही एकट्या जाऊन या.

परडीच्या गोष्टीतली ती दागिने न देणारी तुमच्याच घराण्यातली, असं आजी म्हणायची हे वाचून मी मोठ्याने हसले. पाण्याकाठच्या बऱ्याच गावांत ही गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक गावात ती बाई सांगणाऱ्याच्या घरातली निघते.

आणखी एक, थोडक्यात

*आमचं आजोबांच्या नावचं घर अजून वाटलेलं नाही. वडील, दोन काका, एक आत्या. धाकटे काका आपला हिस्सा गोव्याच्या एका माणसाला विकतायत, जुलैत खरेदीखत करायचं म्हणतात. अडवता येईल का? (एक वाचक, वेंगुर्ले)*

अडवायच्या आधी विकत घ्यायची तयारी आहे का, ते बघा. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील तर वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वडील, मोठे काका आणि आत्या यांना तो हिस्सा घेण्याचा अग्रहक्क आहे. हो, आत्यालाही, तिला बैठकीला बोलवा, चहा करायला नव्हे. काकांना लेखी नोटीस द्या की आम्ही घ्यायला तयार आहोत. किमतीवर जमलं नाही तर ती कोर्ट ठरवतं. त्यातूनही त्यांनी बाहेरच्याला विकलंच, तर त्या माणसाला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात तुमच्या शेजारी येऊन राहायचा हक्क नाही, ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. त्याला वाटणीचा दावा लावावा लागेल, आणि त्याने लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा तुम्ही कोर्टाने ठरवलेल्या किमतीला मागू शकता. म्हणजे रस्ते आहेत, पण प्रत्येक रस्त्याच्या शेवटी पैसे मोजायचे आहेत. ते कोण किती घालणार, हे गणपतीत सगळे जमतील तेव्हा ठरवू म्हणाल तर उशीर होईल. आताच फोनवर ठरवा.

सोबतच्या फोटोत पडवीवरची कौलं सरकलेली दिसतायत. ती या महिन्यातच परतून घ्या. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी आहे, पावसाला नाही.